दोन डोसांचे पैसे, माणसं दोन: नागिणीची लस आधी कोणी घ्यायची?

वाचकाचं पत्र

माझं वय ६७, यजमानांचं ७३. मला नऊ वर्षांपासून आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. सूज आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर पुढच्या महिन्यात टोफासिटिनिब सुरू करणार आहेत. यजमानांना मधुमेह आहे, आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना छातीवर नागीण होऊन गेली. माझ्या नणंदेला गेल्या वर्षी झाली. फोड वाळून कित्येक महिने झाले, पण अजून पाठीला कपडा घासला तरी ती कळवळते. तिच्याकडे बघून लस घ्यावी असं वाटतं, पण किंमत ऐकून थबकलो. सध्या दोन डोसांपुरतेच पैसे बाजूला काढता येतील, म्हणून दोघांनी एकेक घ्यावा असा यजमानांचा विचार आहे. एकच घेणार असेल तर वयाने मोठे म्हणून त्यांनी घ्यावा, असं मला वाटतं. विमा एजंट म्हणतो लस बसत नाही. मुलगा पैसे द्यायला तयार आहे, पण यजमानांना त्याच्यावर भार नको. मला कांजिण्या झाल्याचं आठवत नाही. त्यात ओळखीतल्या एकांनी सांगितलं की या लसीने ताप येतो, लकवासुद्धा होतो. घ्यावी का? आधी कोणी? आणि एकेक डोस चालेल का?

उत्तर

एकेक डोस घेऊ नका. आत्ता हातात आहेत त्या पैशांतून दोन्ही डोस तुम्ही घ्या, आणि त्यातला पहिला शक्यतो टोफासिटिनिब सुरू होण्याआधी घ्या. यजमानांचे दोन डोस त्यानंतरच्या पैशांतून करा. वयाने ते मोठे असले तरी या घडीला धोका तुम्हाला जास्त आहे, आणि तुमच्याकडे वेळही कमी आहे.

नागीण बाहेरून येत नाही. कांजिण्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर, कांजिण्या बऱ्या झाल्यावरही शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या आणि डोक्यातल्या चेतांच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं पडून राहतो. त्याला दाबून ठेवणाऱ्या पेशी वयानुसार अशक्त होतात, किंवा एखादं औषध त्यांना अशक्त करतं. मग तो एखाद्या चेतेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. कमरेभोवती वेटोळं पूर्ण झालं की माणूस दगावतो ही भीती निराधार आहे. पन्नाशीनंतर नागिणीचं प्रमाण वाढत जातं. टोफासिटिनिब ज्या गटातलं औषध आहे, त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या जेएके इन्हिबिटर गटाच्या ठळक दुष्परिणामांमध्ये नागीण येते. तुमच्या बाबतीत वय, आमवात, मेथोट्रेक्सेट आणि आता हे औषध, असे चार धोके एकत्र येत आहेत.

आता आकडे बघू. पैसे खिशातून जाणार असतील तर ‘९७ टक्के परिणामकारक’ एवढंच ऐकून ठरवू नये. नागिणीच्या शिंग्रिक्स या लसीच्या ५० वर्षांवरच्या लोकांवरील चाचणीत नागीण ९७ टक्क्यांनी कमी झाली. ७० वर्षांवरच्यांच्या चाचणीत सुमारे ९० टक्क्यांनी. या दुसऱ्या चाचणीत, लस न मिळालेल्या दर १,००० जणांपैकी वर्षाला साधारण ९ जणांना नागीण झाली, आणि लस मिळालेल्यांपैकी साधारण एकाला. हाच हिशोब दहा वर्षांवर नेला तर लस न घेतलेल्या १०० जणांपैकी ढोबळमानाने ९ जणांना नागीण होईल, लस घेतलेल्यांपैकी एक-दोघांना. म्हणजे १०० जणांनी लस घेतल्यावर सात-आठ जणांची नागीण टळते. ज्यांना नागीण होते त्यांच्यापैकी साधारण १० ते १८ टक्के लोकांना तुमच्या नणंदेसारखी, फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने टिकणारी वेदना होते. तिला पोस्टहर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. त्या सात-आठांपैकी अंदाजे एकाची ही वेदना टळते.

निरोगी माणसाने या आकड्यांकडे बघून ‘परवडलं तर घेईन, नाहीतर राहू दे’ असं ठरवलं तर ते चूक म्हणता येणार नाही. तुमचं तसं नाही. या चाचण्यांमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे लोक नव्हते, आणि तुमचा मूळ धोका त्यांच्यापेक्षा जास्त आहे. जिथे धोका मोठा, तिथे तेवढ्याच पैशांत जास्त नागीण टळते. औषधांमुळे लसीचा परिणाम थोडा कमी होतो हेही खरं. स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये, म्हणजे तुमच्यापेक्षा कितीतरी अशक्त प्रतिकारशक्ती असलेल्यांमध्ये, परिणामकारकता ६८ टक्के निघाली. तुमच्यासारख्या रुग्णासाठी तेवढा फायदाही किंमत मोजण्याजोगा आहे.

एकेक डोसाचा विचार सोडा, असं का म्हणतो? अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांच्या मोठ्या निरीक्षणात दोन डोसांनंतर सुमारे ७० टक्के संरक्षण दिसलं आणि एका डोसानंतर सुमारे ५७ टक्के. वरवर बघता हा फरक लहान वाटतो, आणि ‘अर्ध्या पैशांत एवढं मिळतंय की’ असं कोणालाही वाटेल. पण हे आकडे थोड्या काळाचे आहेत. दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात एकाच डोसाचं संरक्षण दुसऱ्या वर्षापासूनच निम्म्याच्या आसपास उतरलं. दोन डोस घेतलेल्यांचं चौथ्या वर्षीही ७० टक्क्यांच्या वर टिकून होतं. मूळ चाचण्यांतल्या लोकांना पुढे तपासलं तेव्हा अकराव्या वर्षीही सुमारे ८० टक्के संरक्षण दिसलं. तेव्हा दोन डोस मिळून एकच खर्च धरा. पहिला घेऊन दुसऱ्याचं ‘बघू पुढे’ म्हटलं की बहुतेक वेळा तो राहूनच जातो.

दोन डोसांमध्ये एरवी २ ते ६ महिन्यांचं अंतर ठेवतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना, किंवा लवकरच कमी होणार असलेल्यांना, दुसरा डोस १ ते २ महिन्यांनी देता येतो. तुम्हाला हा दुसरा नियम लागू होतो. चार आठवड्यांच्या आत दिलेला दुसरा डोस धरला जात नाही, पुन्हा घ्यावा लागतो, म्हणजे पैसे वाया. उलट उशीर झाला तर काही बिघडत नाही. सहा महिने उलटून गेले तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला दुसरा डोस घ्यायचा आणि विषय संपला. अमुक तारखेच्या आत पैसे जमवण्यासाठी व्याजाने काढण्याची वेळ म्हणूनच कोणावर येऊ नये.

या आठवड्यात संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करा आणि नेमकं हे विचारा: ‘टोफासिटिनिब सुरू करण्याआधी नागिणीचा पहिला डोस घेते. दुसऱ्या डोसापर्यंत गोळी थांबवता येईल का, की पहिल्या डोसानंतर लगेच सुरू करायची?’ सांधे फार सुजले असतील तर ते थांबणार नाहीत, आणि लसीसाठी उपचार अडवून ठेवणंही योग्य नाही. पहिला डोस आधी मिळाला तरी बरंच साधतं. दुसरा डोस गोळी चालू असताना घेता येतो, कारण या लसीत जिवंत विषाणू नाही. त्यात विषाणूच्या आवरणावरचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारं द्रव्य एवढंच असतं. मेथोट्रेक्सेट मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

याच्याशी जोडून एक धोक्याची सूचना. झोस्टाव्हॅक्स नावाची जुनी लस २००६ साली आली. ती एकाच डोसाची होती, आणि तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू होता. अमेरिकेत ती २०२० साली बंद झाली, पण जिवंत विषाणूच्या इतर लसी काही देशांत अजून मिळतात. ‘एकाच डोसात काम, खर्चही कमी’ असं कोणी सुचवलं तर आधी ‘ही लस जिवंत आहे का?’ असं विचारा. हो म्हणाले तर ती तुमच्यासाठी नाही. टोफासिटिनिब घेणाऱ्या माणसात तो दुबळा विषाणूही आजार करू शकतो.

कांजिण्या झाल्याचं आठवत नाही म्हणून अडून राहू नका. सहसा त्यासाठी रक्ततपासणीही लागत नाही. तुमच्या पिढीतल्या बहुतेकांना कधी ना कधी हा विषाणू लागून गेलेला असतो, पुष्कळदा इतका सौम्य की घरात कोणाच्या लक्षातही राहत नाही. तरीही डॉक्टरांना ही गोष्ट सांगा. उष्ण प्रदेशांत वाढलेल्या काही लोकांना कांजिण्या मोठेपणी होतात, आणि थोड्यांना होतच नाहीत. तुम्हाला कांजिण्या झाल्याच नाहीत असं घरच्यांना खात्रीने माहीत असेल तर डॉक्टर प्रतिपिंडांची तपासणी सांगतील. नागिणीची लस कांजिण्यांपासून वाचवण्यासाठी नाही. पहिल्यांदाच विषाणू लागण्याचा धोका असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

आता यजमान. एकदा नागीण झाली म्हणजे लस नको, असं नाही. ती पुन्हा होऊ शकते, आणि मधुमेहाने धोका वाढतो. मात्र नुकतीच नागीण होऊन गेली असेल तर फोड पूर्ण बरे होईपर्यंत थांबतात, काही ठिकाणी वर्षभर थांबायला सांगतात. त्यांना चार वर्षं झाली, तेव्हा ती अडचण उरलेली नाही. दुसऱ्या बाजूने बघितलं तर नागीण होऊन गेल्यावर शरीराची त्या विषाणूविरुद्धची ताकद काही काळ वाढलेली असते. त्यामुळे तुमच्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा क्रम लावला तर ते जोखमीचं नाही. ७३ व्या वर्षी मधुमेह असलेल्या माणसाने वर्षाची फ्लूची लस आणि न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस घेतली आहे का, हे आम्ही आधी बघू. राहिल्या असतील तर पैसे आधी या लसींसाठी काढा. नागीण माणसाला फार छळते, पण या वयात जीव जाण्याची भीती न्यूमोनिया आणि फ्लूची जास्त असते. तुम्हालाही या दोन लसी लागू आहेत. नागिणीची लस त्यांच्यासोबत एकाच दिवशी घेता येते, फक्त वेगवेगळ्या दंडांत. तरी पहिल्या वेळी वेगळ्या दिवशी घेतलेली बरी, ताप कशाने आला ते कळतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणून यजमानांनी लस टाळू नये, आणि लसीसाठी गोळीही चुकवू नये. सुई टोचण्याआधी नर्सला तेवढं सांगायचं. बारीक सुई वापरायची आणि नंतर त्या जागी किमान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं. चोळायचं नाही. चोळलं की आत रक्त साकळतं आणि दंड निळा पडतो. अंग दुखलं तर त्यांनी पॅरासिटामॉल घ्यावं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक टाळावं, कारण रक्त पातळ असताना पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पैशांबद्दल. सगळ्यात आधी तुम्ही राहता तिथल्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत ही लस मोफत किंवा सवलतीत आहे का, ते विचारा. देशोदेशी नियम वेगळे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ते बदललेही आहेत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ६५ वर्षं पूर्ण होणाऱ्यांना आणि ७० ते ७९ वयोगटाला टप्प्याटप्प्याने शिंग्रिक्स मिळू लागली. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२३ पासून ६५ वर्षांवरच्यांना ती मोफत आहे. अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातल्या औषधांच्या भागात, म्हणजे पार्ट डीमध्ये, २०२३ पासून रुग्णाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. अशा योजनांत प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी वयाची अट बऱ्याचदा वेगळी आणि सैल असते. वयाच्या रकान्याशी थांबू नका, ‘आमवातावर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांसाठी काय नियम आहे?’ असंही विचारा.

विमा एजंटच्या तोंडी ‘बसत नाही’ला फार किंमत देऊ नका. बहुतेक आरोग्य विमे रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात आणि प्रतिबंधक लस त्यांतून वगळलेली असते, त्यामुळे तो कदाचित बरोबरही असेल. पण काही पॉलिसींमध्ये बाह्यरुग्ण खर्च, वार्षिक तपासणी किंवा प्रतिबंधक उपचार यांसाठी वेगळी रक्कम ठेवलेली असते, आणि ती न वापरताच संपते. कंपनीला ईमेल पाठवा आणि त्यात चार गोष्टी लिहा. माझ्या पॉलिसीत प्रौढांचं लसीकरण कोणत्या कलमाखाली येतं किंवा वगळलं जातं? डॉक्टरांनी आजारामुळे लस आवश्यक असल्याचं लिहून दिलं तर फरक पडतो का? लस औषधाच्या दुकानातून घेतली तर चालेल, की तुमच्या यादीतल्या दवाखान्यातच? आणि आधी मंजुरी लागते का? उत्तर लेखी मागा. शेवटच्या प्रश्नावर दावे सगळ्यात जास्त अडकतात: लस घेतली, बिल पाठवलं, आणि मग पूर्वमंजुरी नव्हती म्हणून दावा नाकारला. विम्याची वार्षिक रक्कम लहान असेल आणि वर्ष संपत आलं असेल तर पहिला डोस या पॉलिसी-वर्षात आणि दुसरा पुढच्या वर्षात पडेल अशा तारखा धरा. दोन्ही वर्षांची रक्कम वापरता येते.

मुलाबद्दल यजमानांशी बोला. मुलाने रोख द्यायच्या आधी त्याने आपल्या नोकरीच्या ठिकाणी चौकशी करावी. गट विम्यात आईवडिलांची नावं असतील तर त्यात लस किंवा बाह्यरुग्ण खर्च बसतो का, आणि कंपनीच्या करारातल्या दवाखान्यात सवलत आहे का. ते नसेल, तर त्याने वडिलांचे दोन डोस करावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. नणंदेच्या घरच्यांना विचारा, वर्षभर चाललेली औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या आणि रात्रीची जागरणं यांचा भार त्यांच्यावर किती पडला. मुलगा आज देऊ करतोय ती रक्कम ठरलेली आहे, एकदाच द्यायची आहे. फक्त रोजच्या औषधांत काटकसर करून हे पैसे उभे करू नका. मधुमेहाची गोळी एक दिवसाआड घेऊन लस घेण्यात काही अर्थ नाही.

भाव विचारताना तीन रकमा वेगवेगळ्या विचारा: लसीची किंमत, डॉक्टरांची तपासणी फी आणि टोचण्याचं शुल्क. एकाच लसीच्या एकूण खर्चात दोन दवाखान्यांत बराच फरक पडतो, आणि तो बहुतेक या शेवटच्या दोन रकमांचा असतो. ‘दुसऱ्या डोसाला तपासणी फी पुन्हा लागेल का?’ हेही आधीच विचारा. दोन्ही डोसांचे पैसे आगाऊ मागत असतील तर सवलत किती, दुसरा डोस न मिळाल्यास परतावा मिळेल का आणि त्या महिन्यात साठा असेल याची हमी आहे का, हे पावतीवर लिहून घ्या. दुसरा डोस वेगळ्या दवाखान्यात घेतला तरी चालतो, लस तीच हवी.

पैसे वाचवण्यासाठी लस दुकानातून आणून दवाखान्यात नेण्याचा सल्ला मिळेल. तसं करणं भाग असेल तर थंडावा जपा. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि एकदा गोठली की ती टाकूनच द्यावी लागते. उन्हाने खराब होईल म्हणून लोक ती थेट बर्फावर ठेवतात, आणि तिथेच ती गोठून वाया जाते. गोठलेल्या पॅकला लागू न देता, मध्ये जाड कापड ठेवून, थंड डब्यातून न्या. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवू नका, विशेषतः बर्फाच्या कप्प्याखाली किंवा दारात. शक्य असेल तर जिथे साठवण तिथेच टोचून घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

टोचताना स्वतः बघण्यासारखी एक गोष्ट आहे. लस बहुतेक ठिकाणी दोन कुप्यांमध्ये येते. तपकिरी टोपणाच्या कुपीत पांढरी पावडर असते, निळ्या-हिरव्या टोपणाच्या कुपीत द्रव. द्रव पावडरमध्ये मिसळून मग सिरिंज भरायची. मुख्य प्रथिन पावडरमध्ये आहे. घाईत नुसता द्रवच टोचल्याच्या चुका झालेल्या आहेत. अशा वेळी दंड दुखतो, अंग मोडून येतं आणि सगळं व्यवस्थित झालं असं वाटतं, पण तो डोस धरता येत नाही. तेव्हा ‘दोन्ही कुप्या मिसळल्या ना?’ असं शांतपणे विचारा आणि दोन्ही रिकाम्या कुप्या बघा. काही देशांत आता तयार भरलेली सिरिंजही येते, तिथे हा प्रश्न नाही. डोस ०.५ मिलिलिटर, दंडाच्या स्नायूत. चुकून कातडीखाली गेला तर दुखतं आणि सूज जास्त येते, पण डोस धरला जातो. कार्डावर लसीचं नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि कोणत्या दंडात दिली ते लिहून घ्या. बिलावर तुमचं नाव आणि बॅच क्रमांक हवा, विम्याला तो लागतो. ज्या खांद्याचा सांधा कमी दुखतो तो दंड पुढे करा.

ताप येतो, हे खरं आहे. ५० वर्षांवरच्यांमध्ये दंड दुखणं जवळजवळ चारपैकी तिघांना होतं, साधारण निम्म्यांना अंगदुखी आणि थकवा, आणि पाचातल्या एकाला ताप. सहा जणांतल्या एकाला एखाद-दोन दिवस रोजची कामं जड जातात. दोन-तीन दिवसांत हे ओसरतं. म्हणून लसीनंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा, आणि पुढे दोघांनी कधीही एकाच दिवशी लस घेऊ नका. एकाला ताप आला तर दुसऱ्याला उठता आलं पाहिजे. तुमचे सांधेही त्या दिवसांत जास्त ठणकतील. ते आठवडाभर कमी झाले नाहीत किंवा नवी सूज आली तर संधिवाताच्या डॉक्टरांना कळवा, काहींचा आमवात लसीनंतर थोडा भडकतो. पहिल्या डोसाने ताप आला म्हणून दुसरा चुकवू नका. श्वास लागणं, चेहरा सुजणं, अंगभर पित्त उठणं अशी तीव्र ॲलर्जी झाली असेल तरच दुसरा डोस द्यायचा नसतो. अशी प्रतिक्रिया आलीच तर बहुतेकदा लगेच येते, म्हणून टोचल्यावर किमान पंधरा मिनिटं तिथेच बसा.

लकव्याची गोष्ट गियां-बारे सिंड्रोमबद्दलची आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतांवर हल्ला करते. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांच्या नोंदी तपासल्यावर, लसीनंतरच्या ४२ दिवसांत दर १० लाख डोसांमागे साधारण ३ जास्त रुग्ण दिसले, आणि २०२१ साली लसीच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालण्यात आली. धोका आहे, पण फार दुर्मीळ. आधी कधी हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. लसीनंतर दोन्ही पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढत गेला तर वाट न बघता रुग्णालयात जा.

आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर येईल, की ही लस स्मृतिभ्रंश टाळते. वेल्समधल्या नोंदींवर आधारित, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चांगल्या अभ्यासात नागिणीची जुनी, जिवंत लस मिळालेल्यांमध्ये सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसलं. आशा वाटावी असंच हे आहे, पण तेवढ्यासाठी आज पैसे खर्च करा असं आम्ही सांगणार नाही.

यजमानांची लस होईपर्यंत, आणि तुमचीही पूर्ण होईपर्यंत, हे दोघांनी लक्षात ठेवा. शरीराच्या एकाच बाजूला जळजळ, मुंग्या किंवा टोचल्यासारखी वेदना सुरू झाली आणि त्या पट्ट्यात लाल पुरळ किंवा पाण्याचे फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. विषाणूविरोधी गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. नेहमीचा डोस व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा किंवा असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, ७ दिवस. मूत्रपिंडं कमी काम करत असतील तर तो कमी करावा लागतो, म्हणून मधुमेह असलेल्या यजमानांनी शेवटचा क्रिॲटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. ७२ तास उलटले तरी जा, नवे फोड येत असतील तर औषध तेव्हाही देतात. तुमच्या बाबतीत तर उशिरा का होईना, औषध द्यावंच लागतं. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवा आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बायका, लहान बाळं यांच्यापासून दूर राहा. त्यांना तुमच्याकडून नागीण होत नाही, कांजिण्या होऊ शकतात. टोफासिटिनिब चालू झाल्यावर तुम्हाला असा एक जरी फोड दिसला, तरी पुढची गोळी घेण्याआधी संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करा. ती काही दिवस थांबवायची की नाही हे ते ठरवतील.